बोटावर ९८, मग गाठीत ऑक्सिजन कमी कसा?

मागच्या अंकात तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं, की गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी पडतो आणि त्यामुळं कॅन्सरच्या पेशींचे जीन, म्हणजे डीएनएमधल्या सूचना, वेगळ्याच पद्धतीनं चालू-बंद व्हायला लागतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, भाषा तुमची तशीच ठेवलीय. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एका ओळीत सांगते, आधी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघण्यात गेली, आता इथंच सोलापुरात बायोलॉजी शिकवते. मी उपचार करणारी डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

प्रश्न (अशोक चौक) : मॅडम, वडिलांचं वय ५८. आयुष्यभर लूमवर काम केलं, तंबाखूचा मावा होता. गालाच्या आतून गाठ निघाली, आता लाईट (रेडिएशन) देणं चालू आहे. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की गाठीत ऑक्सिजन कमी असतो म्हणून आतल्या भागात लाईटचा असर कमी पडतो. मी घरी येऊन बोटाला लावायचं मशीन लावलं तर ९८ दाखवायलंय. मग कमी कुठंय? भाऊ म्हणतोय सिलेंडर भाड्यानं आणू, रात्री झोपताना लावू. आणू का?

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा, सिलेंडर आणू नका. कारण सांगते, जरा लांब आहे पण वाचा.

तुमच्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतं? आपल्या गावात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उजनी भरलेली असते, गावातली टाकी पण भरलेली असते, आणि तरी गल्लीच्या शेवटच्या घरात नळाला नुसती हवा येते. कारण मधली पाईप वाकडी, कुठं फुटलेली, कुठं मधल्यांनी मोटर लावलेली. बोटाचं मशीन टाकीची पातळी दाखवतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती भरलाय एवढंच त्याला कळतं, तो गालातल्या गाठीच्या शेवटच्या पेशीपर्यंत पोचला का हे त्याला कळायचं काही साधनच नाही.

रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशी-पेशीतून झिरपत पुढं जातो आणि वाटेतल्या पेशी तो वापरत जातात, त्यामुळं साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या पुढं काही उरत नाही. १०० मायक्रॉन म्हणजे एका केसाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त, बस. निरोगी अंगात म्हणूनच बारीक रक्तवाहिन्या इतक्या दाट असतात, कुठलीच पेशी फार लांब राहत नाही. गाठीत मात्र पेशी भराभर वाढतात आणि रक्तवाहिन्या मागं पडतात, ज्या तयार होतात त्याही नीट नसतात, वाकड्यातिकड्या, गळक्या, काही तर मध्येच संपणाऱ्या, काहींत रक्त थोडा वेळ वाहतं आणि थोडा वेळ थांबतं. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, अंगातल्या बऱ्याच निरोगी भागांत ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास, आणि गाठीच्या आत बऱ्याच ठिकाणी १ टक्क्याच्याही खाली.

लॅबमध्ये असताना मी हे डोळ्यानं बघितलंय. गाठीच्या पातळ कापाला एक खास रंग देतात, ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी जे एक प्रोटीन बनवते ते असेल तिथं तपकिरी उमटतं. मायक्रोस्कोपखाली मधोमध एक छोटी रक्तवाहिनी, तिच्याभोवती निळसर पेशींचा पट्टा, त्यात तपकिरी काहीच नाही. मग थोडं लांब गेलं की हळूहळू तपकिरी चढायला लागतं, कडेला गडद होतं, आणि त्याच्याही पलीकडं नुसता गुलाबी चोथा, मेलेल्या पेशींचा. प्रत्येक रक्तवाहिनीभोवती हेच, जणू कुणी मोजून रिंगण काढलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ ती स्लाइड काढलीच नव्हती. थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी १९५५ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीत हीच अंतरं मोजून मांडली होती, म्हणजे गोष्ट नवीन अजिबात नाही.

आता लाईटचं. रेडिएशन पेशीच्या डीएनएला जखम करतं, पण ती जखम पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसेल तर बरीचशी जखम पेशी तिथल्या तिथं भरून काढते. म्हणून ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला जवळजवळ अडीच ते तीन पट डोस लागतो. एवढा डोस एकदम देता येत नाही, शेजारचं चांगलं मांस जळेल, म्हणून रोज थोडा थोडा देतात. त्याचा एक फायदा असा की बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळायला लागतो आणि पुढच्या दिवशीच्या डोसमध्ये त्या सापडतात. म्हणून ताई, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर एकही दिवस लाईट चुकू देऊ नका. लग्न असो, गड्ड्याची यात्रा असो, काहीही असो.

सिलेंडरनं का होणार नाही ते आता कळलं असेल. टाकी आधीच ९८ भरलीय, तिच्यात आणखी ओतून शेवटच्या घराला पाणी जात नाही. शिवाय घरात ऑक्सिजन चालू आणि शेजारी गॅस किंवा कुणाची विडी, हा आगीचा धोका वेगळाच. हिमोग्लोबिन किती आहे ते मात्र डॉक्टरांना विचारा. रक्त कमी असेल तर गाठीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन आणखी कमी होतो, त्याची काळजी ते घेतील. आणि कुणी शेजाऱ्यानं रक्त वाढवायचं इंजेक्शन सुचवलं तर स्वतःहून घेऊ नका, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन चालू असताना ते इंजेक्शन दिलेल्या पेशंटची तब्येत अभ्यासात उलट जास्त बिघडलेली दिसली होती.

प्रश्न (जुळे सोलापूर, बीएस्सी दुसरं वर्ष) : मॅडम, आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की ऑक्सिजन कमी झाला की हिफ नावाचं प्रोटीन तयार होतं आणि ते जीन चालू करतं. पण पेशीला कळतं कसं ऑक्सिजन कमी झालाय ते? तिला नाक आहे का? आणि कॅन्सरच्या पेशीत हे वेगळं काय असतं?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण ‘कळतं कसं’ हाच तो प्रश्न ज्याच्या उत्तराला २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन, तिघांना मिळून. सुरुवात कॅन्सरपासून झालीच नव्हती. उंच डोंगरावर गेलं की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन जास्त बनवते आणि लाल रक्तपेशी वाढतात, हे आधीपासून माहिती होतं, या लोकांना बघायचं होतं की त्या हार्मोनचा जीन ऑक्सिजन कमी झाल्यावरच का जागा होतो. सेमेन्झांनी १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या जीनच्या शेजारच्या डीएनएच्या तुकड्यावर येऊन बसणारं प्रोटीन शोधलं, तेच हिफ. मग लक्षात आलं की हे फक्त किडनीत नाही, अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत आहे.

आता नोट्समधलं वाक्य दुरुस्त कर. ऑक्सिजन कमी झाल्यावर हिफ ‘तयार होतं’ असं नाही. हिफचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. बीटा कायम असतो, त्याला ऑक्सिजनशी घेणंदेणं नाही. अल्फा पेशी कायम बनवतच असते, ऑक्सिजन भरपूर असताना सुद्धा, आणि बनवल्या बनवल्या मोडून टाकत असते, इतक्या वेगानं की पाचेक मिनिटांत निम्मा संपतो. पहिल्यांदा ऐकल्यावर हे उधळपट्टीचं वाटतं, पण विचार कर, श्वास कोंडला तर नवीन प्रोटीन बनवत बसायला वेळ कुणाकडं आहे? माल तयारच असतो, फक्त मोडणं थांबवायचं.

मोडतं कोण ते बघ. पीएचडी नावाची एन्झाइम असतात, एन्झाइम म्हणजे पेशीतली कामं उरकणारी प्रोटीन. ती हिफ-अल्फाच्या साखळीतल्या दोन ठराविक प्रोलिनवर (प्रोलिन म्हणजे त्या साखळीतला एक प्रकारचा मणी, अमिनो ॲसिड), ४०२ आणि ५६४ नंबरच्या, ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतात. तो चिकटला की व्हीएचएल नावाचं दुसरं प्रोटीन त्याला ओळखतं, त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारायची सोय करतं, आणि शिक्का बसलेल्या मालाचे प्रोटिएसोम नावाच्या पेशीतल्या मोडणाऱ्या यंत्रात तुकडे होतात. केलिन आणि रॅटक्लिफ यांच्या दोन्ही गटांनी २००१ साली हा प्रोलिनचा भाग उलगडला. आता ऑक्सिजन काढून घे. चिकटवायला अणूच नाही, खूण बसत नाही, व्हीएचएल ओळखत नाही, अल्फा मोडत नाही, साठत जातो, न्यूक्लियसमध्ये जातो, बीटाशी जोडी जमवतो आणि डीएनएवर जाऊन बसतो. पेशीला नाक नाही रे, इथं ऑक्सिजन स्वतःच कच्चा माल आहे आणि तोच निरोप पण आहे, माल आला नाही हाच निरोप.

आणि हे दिव्याच्या बटणासारखं खट्कन चालू-बंद होत नाही. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा ऑक्सिजन ६ टक्क्यांच्या खाली न्यायला लागलं की हिफ चढायला लागतं आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. दुसरं एक कुलूप पण आहे, एफआयएच नावाचं एन्झाइम, ते अल्फाच्या शेपटाकडच्या ८०३ नंबरच्या अस्पॅराजिनवर, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या मण्यावर, ऑक्सिजन चिकटवतं, म्हणजे एखादा अल्फा मोडण्यातून वाचून न्यूक्लियसपर्यंत पोचलाच तरी त्याला मदतनीस मिळू नये, पी-३०० नावाचा मदतनीस. परीक्षेत हे दुसरं कुलूप लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळेल की पोरानं वाचलंय.

या एन्झाइमना लोखंड पण लागतं, आणि क जीवनसत्त्व असेल तर ती नीट चालतात. कोबाल्ट क्लोराईड घातलं की लोखंडाचं काम बिघडतं आणि ऑक्सिजन भरपूर असताना सुद्धा पेशी ऑक्सिजन संपल्यासारखी वागायला लागते, लॅबमध्ये हा प्रयोग सर्रास करतात. पण यावरून लिंबू सरबतानं कॅन्सर बरा होईल असं कुणी काढू नका, बशीतली पेशी आणि माणूस यात फार अंतर आहे.

आता डीएनएवर बसून ते काय करतं. तू सोलापूरचा आहेस तर जॅकार्ड बघितलं असशीलच, नसेल तर एखाद्या चादरीच्या कारखान्यात जाऊन बघ. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते, ज्या पुठ्ठ्याला जिथं भोक तिथला दोरा उचलला जातो, आणि खाली चादरीवर मोर उमटतो. माळेत सगळे पुठ्ठे आहेत, पण या घडीला कुठला पुठ्ठा समोर आलाय त्यावर नक्षी ठरते. डीएनए सगळ्या पेशींत तोच, ऑक्सिजन संपला की हिफ काही ठराविक पुठ्ठे पुढं आणतं. ते ओळखतं कसं? डीएनएमध्ये ए-सी-जी-टी-जी किंवा जी-सी-जी-टी-जी अशी अक्षरं जिथं असतील ती त्याची बसायची जागा, अर्थात अशा जागा खूप असतात आणि सगळ्या उघड्या नसतात, त्यामुळं कुठल्या पेशीत कुठले जीन चालू होतील ते वेगवेगळं.

कोणते जीन? साखर आत घेणारी दारं वाढवणारा ग्लुट-१. साखर ऑक्सिजनशिवाय जाळून लॅक्टेट करणारा एलडीएचए. साखरेचा माल मायटोकॉन्ड्रियाकडं, म्हणजे ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशीतल्या भट्ट्यांकडं, जाण्याची वाट अडवणारा पीडीके-१, म्हणजे आहे तो थोडासा ऑक्सिजन लवकर संपू नये. असं साखर जाळलं की आत आम्ल साठतं, पेशी स्वतःच त्यात मरेल, म्हणून आतलं पीएच सांभाळणारा सीए-९, वर मी सांगितलेला तपकिरी रंग त्याचाच होता. आणि व्हीईजीएफ, जो शेजारच्या रक्तवाहिन्यांना निरोप पाठवतो की इकडं नवीन फांदी फोडा. शेवटच्या घरातलं माणूस पाणी नाही म्हणून घर सोडून जात नाही ना, ड्रम भरून ठेवतं, मोटर लावतं, बोअर मारतं, आणि रोज नगरसेवकाच्या दारात जाऊन नवीन लाईन मागतं. हे सगळं एकदम.

बंद होणारे जीन पण तितकेच महत्त्वाचे आहेत आणि नोट्समध्ये त्यांच्याबद्दल काहीच नसतं. डीएनएची तुटफूट नीट जोडणारा रॅड-५१ ऑक्सिजन कमी झाला की खाली येतो. म्हणजे तशाच अर्धवट दुरुस्त अवस्थेत पेशी जगत राहतात आणि नवनवीन बिघाड गोळा करत राहतात. पेशींना एकमेकींना घट्ट धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं, पेशी सुटी होते, हलायला लागते. कॅन्सर पसरण्याची एक वाट इथून जाते. मला विचारशील तर या सगळ्यात सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते, गाठीचा जो कोपरा उपाशी आहे तिथून सगळ्यात टणक पेशी निघतात.

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांतली. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो, बॉबिनवर दोरा असतो तसा. घट्ट गुंडाळला तर वाचता येत नाही, सैल केला तर येतो. घट्ट-सैल करणाऱ्या खुणा पुसणारी काही एन्झाइम पण पीएचडीच्याच घराण्यातली आहेत, त्यांना पण ऑक्सिजन लागतो. २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवलं की यातली काही, उदाहरणार्थ केडीएम-६ए, ऑक्सिजन कमी झाल्याचं थेट ओळखतात, हिफची वाटच बघत नाहीत. तसंच डीएनएवरचे मिथाइलचे ठिपके काढायला लागणारी टेट एन्झाइम, २०१६ मध्ये गाठींच्या बाबतीत दाखवलं गेलं की ऑक्सिजन कमी असला की ती मंदावतात आणि ठिपके साठत जातात, आणि कॅन्सरला आवर घालणारे काही जीन त्यात गाडले जातात.

राहिला तुझा शेवटचा भाग, कॅन्सरमध्ये वेगळं काय. यंत्रणा अजिबात वेगळी नाही. पोटातल्या बाळाची वाढ होताना हीच वापरली जाते, जखम भरताना हीच, लडाखला गेलास तर तुझ्यात पण हीच जागी होईल. तिबेटी लोकांत तर हिफ-२ अल्फाच्या (हिफच्याच एका भावंडाच्या) जीनचा एक वेगळा प्रकार पिढ्यानपिढ्या टिकलाय, त्यामुळं इतक्या उंचीवर राहूनही त्यांचं रक्त फार घट्ट होत नाही. फरक एवढाच की जखम भरली की नवीन रक्तवाहिनी येते, ऑक्सिजन येतो, हिफ मोडतं, काम संपतं. गाठीत नवीन रक्तवाहिनी येते तीच गळकी, ऑक्सिजन पोचत नाही, हिफ चालूच, आणखी निरोप, आणखी गळक्या नळ्या.

प्रश्न (बार्शी) : मोठ्या भावाला किडनीचा कॅन्सर निघालाय, रिपोर्टमध्ये क्लिअर सेल लिहिलंय. त्याच्यात पण ऑक्सिजनचा संबंध असतो असं ऐकलं. त्याला श्वासाचा त्रास कधीच नव्हता.

उत्तर : दादा, संबंध आहे आणि फार जवळचा आहे, पण उलट्या बाजूनं. वर विद्यार्थ्याच्या उत्तरात व्हीएचएल आलंय ना, हिफला ओळखून मोडायला पाठवणारं, या प्रकारच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा त्या व्हीएचएलचाच जीन बिघडलेला असतो. ऑक्सिजन आहे, खूण पण बसते, पण ओळखणारा माणूसच जागेवर नाही. मग पेशी भरल्या घरात दुष्काळ पडल्यासारखी वागते. इथं मुख्य त्रास हिफ-२ देतं. त्याला थेट अडवणारं बेल्झुटिफान नावाचं औषध अमेरिकेत २०२१ मध्ये आधी व्हीएचएल या आनुवंशिक आजारासाठी आणि २०२३ च्या शेवटी आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या, पुढं गेलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. भावाला ते लागू आहे का, इथं मिळेल का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा, बऱ्याच जणांचं काम आधी ऑपरेशननंच होतं. घरात आणखी कुणाला कमी वयात किडनीच्या, मेंदूच्या किंवा डोळ्याच्या पडद्याच्या गाठी झाल्या असतील तर तेवढं त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न (होटगी रोड) : व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायलाय की ओटो वॉरबर्गला नोबेल मिळालं कारण त्यानं सिद्ध केलं की ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगूच शकत नाही, आणि अल्कलाइन पाणी प्यायलं की रक्तात ऑक्सिजन वाढतो. आमच्या ग्रुपमधल्या एकानं तर पाण्याचं मशीन घेतलं. खरंय का?

उत्तर : काका, खरं नाही. वॉरबर्ग मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशीच्या श्वसनाच्या एन्झाइमच्या कामासाठी. कॅन्सरबद्दल त्यांनी जे बघितलं ते मेसेजच्या बरोबर उलट आहे, की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असताना सुद्धा साखर अर्धवट जाळून लॅक्टेट करत बसतात. म्हणजे ऑक्सिजनमध्ये त्या मजेत जगतात. फुफ्फुसाचा कॅन्सर तर ऑक्सिजनच्या दारातच होतो. आणि पाणी कसलंही प्या, पोटात गेलं की तिथल्या ॲसिडमध्ये मिसळतं, रक्ताचं पीएच फुफ्फुसं आणि किडनी ७.३५ ते ७.४५ च्या आत धरून ठेवतात. मला राग मशीनच्या पैशांचा येत नाही, त्या पाण्याच्या भरवशावर कुणी तपासणी पुढं ढकलेल याची भीती वाटते. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेला चट्टा असेल तर तेवढ्यासाठी ग्रुपमध्ये मेसेज टाका, तो फिरवा.

प्राणायामाबद्दल पण चौघांनी विचारलंय. मन शांत राहतं, झोप लागते, जरूर करा, पण गाठीच्या मधोमध ऑक्सिजन पोचवायचं काम त्यानं होत नाही, कारण तेच, टाकी आणि पाईप.

गाठीतला ऑक्सिजनच वाढवायचे किंवा त्याची उणीव भरून काढायचे खरे प्रयत्न पण झालेत बरं का. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत निमोराझोल नावाची गोळी देतात, ती ऑक्सिजनचं काम थोडंफार करते, जखम पक्की करायचं. सगळीकडं ते रुळलेलं नाही.

प्रश्न (विडी घरकुल) : मॅडम, मी घरी विड्या वळते. मिस्टरांना घशाचा कॅन्सर आहे, शेक (रेडिएशन) चालू होऊन १० दिवस झालं. दिवसाला तीन-चार विड्या अजून चालू आहेत. म्हणतात, व्हायचं ते झालंय, आता विडीनं नवीन काय होणार. मी काय सांगू त्यांना?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं कारण वरचं सगळं वाचून झाल्यावर तुमचं उत्तर नीट कळेल.

विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त ओढीनं चिकटतो आणि लवकर सुटत नाही. वर, जो ऑक्सिजन रक्तात उरतो तो पण हिमोग्लोबिन घट्ट धरून ठेवतं, गाठीजवळ गेल्यावर सोडत नाही. म्हणजे शेकाच्या आधी ओढलेली विडी गाठीतल्या त्या उपाशी पेशींना आणखी उपाशी करते, आणि उपाशी पेशीला मारायला अडीच-तीन पट शेक लागतो हे वर आलंच आहे. बोटाचं मशीन लावून बघितलंत तर ते ९८ च दाखवेल, कारण त्या मशीनला कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. म्हणून त्या आकड्यावर जाऊ नका.

कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटवरचा अभ्यास छापला होता. रेडिएशन चालू असताना ज्यांनी धूम्रपान चालूच ठेवलं त्यांच्यातल्या ४५ टक्के लोकांची गाठ पूर्ण गेली, आणि ज्यांनी ओढलं नाही त्यांच्यातल्या ७४ टक्क्यांची. त्यांना हे दोन आकडे सांगा. नवीन काय होणार असं ते विचारतात ना, शेक वाया जाणं हे नवीन होतंय.

चांगली गोष्ट अशी की कार्बन मोनॉक्साईड रक्तात फार दिवस राहत नाही. साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, परत तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मा. आज रात्री शेवटची विडी झाली तर परवाच्या शेकाच्या वेळी रक्त बरंचसं मोकळं झालेलं असेल. १० दिवस गेले म्हणून उशीर झालाय असं नाही, राहिलेले सगळे शेक त्यांच्या हातात आहेत. फार तलफ येत असेल तर तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगा, तलफ कमी करायची औषधं असतात, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि मावा किंवा मिश्रीवर मात्र येऊ देऊ नका.

तुमचा प्रश्न अजून एक आहे जो तुम्ही लिहिला नाहीत पण मला कळतो. विड्या वळणं हे तुमचं पोट आहे, तंबाखूचं सूप दिवसभर घरातच असतं, आणि माणूस समोर बसून ती बघतो. काम सोडा असं मी सांगू शकत नाही. निदान शेक संपेपर्यंत वळायला शेजारच्या बायकांच्यात जाऊन बसता येतंय का बघा, नाहीतर सूप आणि वळलेल्या विड्या त्यांच्या खोलीत ठेवू नका, रात्री मोजून बंद करून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेक झाला की एक खूण करताच असाल, तिच्या शेजारी विडी न ओढलेल्या दिवसाची दुसरी खूण करा. महिन्यानं त्या पानाचा फोटो मला पाठवा, मी वाट बघतेय.